वाचक विचारतात : नटांची कंपनी आणि मालकीचा कागद

मालवणहून एक वाचक : ‘आय लव्ह लुसी’ ही अमेरिकन विनोदी मालिका काढणारी देसिलू ही दोन नटांची कंपनी. ती एवढी मोठी कशी झाली, आणि पुढे तिचं काय झालं?

लुसिल बॉल आणि देसी अर्नाझ या नवराबायकोने १९५० मध्ये देसिलू काढली. पुढच्याच वर्षी सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर ‘आय लव्ह लुसी’ सुरू झाली. त्या काळी बऱ्याच मालिका न्यूयॉर्कहून थेट दाखवत. पश्चिमेकडच्या शहरांना टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून उतरवलेली धुरकट नक्कल मिळे. या दोघांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं आणि प्रायोजकाला पूर्वेकडे धुरकट चित्र चालणार नव्हतं. म्हणून समोर प्रेक्षक बसवून तीन कॅमेऱ्यांनी ३५ मिमी फिल्मवर चित्रीकरण करायचं ठरलं. तिन्ही कॅमेरे एकदम चालू असल्यावर शॉटगणिक दिवे हलवता येत नाहीत. छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी बहुतेक दिवे वर टांगले, सगळ्या सेटवर सारखा उजेड पाडला आणि चाकांवरच्या कॅमेऱ्यांसाठी जमीन मोकळी ठेवली.

फिल्मचा खर्च वाढला, तेव्हा दोघांनी मानधन कमी करून घेतलं आणि त्या बदल्यात भागांची मालकी मागून घेतली. कंपनी उभी राहिली ती या एका अटीवर. एकदा दाखवलेला भाग पुन्हा विकला जाईल, याचा अंदाज तेव्हा फार थोड्यांना होता. पुढे हेच भाग सीबीएसला विकून मोठी रक्कम हाती आली, आणि ज्या आरकेओ या चित्रपट कंपनीत लुसिल पूर्वी पगारावर काम करत, त्या कंपनीचे स्टुडिओ देसिलूने १९५७ मध्ये विकत घेतले. १९६० मध्ये घटस्फोट झाला, १९६२ मध्ये लुसिल यांनी अर्नाझ यांचा हिस्सा घेतला. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन इम्पॉसिबल’ या मालिका १९६६ मध्ये आल्या त्या लुसिल यांच्याच कारकिर्दीत. १९६७ मध्ये कंपनी गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाने घेतली आणि ती पॅरामाउंट या चित्रपट कंपनीत विलीन झाली.

कुडाळहून एक वाचक : आम्ही चौघे दशावतारी कलाकार मालवणी मालिका काढतोय. वाहिनी भागागणिक पैसे द्यायला तयार आहे. कंपनी कशी काढावी, आणि मालिका आमची राहील का?

कंपनी काढणं सोपं. एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, किमान दोन भागीदार लागतात, प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक. तुम्हा चौघांसाठी एलएलपी पुरेशी आहे, पण नफ्याचे हिस्से आणि एखादा बाहेर पडला तर काय, हे भागीदारी करारात आजच लिहा. भांडणं होतात ती इथे.

मालिका मात्र आपोआप तुमची राहणार नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७(ब) नुसार मोबदला देऊन कुणी चित्रपट बनवून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तो बनवून घेणारा. कायद्यात मालिकाही चित्रपटातच मोडते. सगळे हक्क वाहिनी सहसा सोडत नाही. पण पात्रांचे हक्क, इतर भाषांतले हक्क आणि मूळ दशावतारी नाटकाचे प्रयोग करायचा हक्क, एवढं नावानिशी राखून ठेवायला सांगा. दशावताराची सोंगं परंपरेची, ती कुणाच्याच मालकीची नाहीत, पण तुम्ही रचलेले संवाद तुमचे.

लेखक आणि संगीतकार यांच्याकडून शूटिंगआधी कंपनीच्या नावे लेखी हक्कपत्र घ्या. त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर हक्क पाचच वर्षांचे, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. तोंडी शब्दावर काम केलं, की दुसरा खरेदीदार कागद तपासताना व्यवहार अडतो.

पैशाचंही गणित मांडा. समजा एका भागाला दोन लाख खर्च आणि आठवड्याला सहा भाग. बिल ९० दिवसांनी सुटणार असेल तर तेरा आठवड्यांचे १ कोटी ५६ लाख तुमचे अडकले. अमिताभ बच्चन यांच्या एबीसीएल या मनोरंजन कंपनीचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. १९९५ मध्ये सुरू झालेली कंपनी चित्रपट, संगीत, टीव्ही आणि १९९६ ची बंगळुरूची मिस वर्ल्ड स्पर्धा अशी एकदम पसरली आणि कर्जात बुडाली. तुम्ही आधी तेरा भागांची एकच मालिका करा.

आरवलीहून एक वाचक : निर्मात्यांना आमचं जुनं चिरेबंदी घर शूटिंगला हवंय. काय लिहून घ्यावं?

कोणत्या खोल्या, किती दिवस, किती तास, जनरेटर त्यांचा, अनामत रक्कम. सेट लागण्याआधी प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो काढून दोघांनी सह्या करा. चिऱ्यावर थेट रंग किंवा खिळा नको, प्लायवूडचा पडदा उभारून त्यावर काम करू दे. देवघर वगळायचं असेल तर ते नाव घेऊन वगळा. राहिलेले शॉट घ्यायला ती मंडळी पुन्हा येतात. तेव्हाचं भाडं आत्ताच ठरवा. ‘रात्रीस खेळ चाले’ गाजल्यावर आकेरीचा वाडा बघायला लोक लोटले होते, म्हणून पत्ता आणि घराचं नाव जाहीर करायचं की नाही हेही करारात लिहा. पावसाळ्यात शूटिंग असेल तर कौलांवर चढणाऱ्या माणसांची जबाबदारी आणि फुटलेल्या कौलांची भरपाई त्यांच्यावर टाका.