नायलॉन ‘कातलेलं’ म्हणावं का?

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखानदारांचा प्रश्न: नायलॉन सुताचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे, मूळ मजकुरात जागोजाग ‘स्पिनिंग’ आहे, तिथे ‘कातणे’ चालेल का?

बहुतेक ठिकाणी नाही. कातायला आधी आखूड तंतू लागतात. ते पिंजायचे, पेळू ओढत बारीक करायचा आणि पीळ द्यायचा. पीळ नसेल तर सूतच नाही. नायलॉनच्या कारखान्यात सुरुवातीला तंतूच नसतो, दाणे असतात. नायलॉन-६ असेल तर कॅप्रोलॅक्टम या रसायनापासून केलेले. ते ओल ०.१ टक्क्याच्या खाली जाईपर्यंत वाळवतात. ओल राहिली तर वितळताना रेणूंच्या साखळ्या तुटतात, रस पातळ होतो आणि तार सारखी तुटते. दाणे सुमारे २२० अंशांना वितळतात, पण रस त्याहून बराच गरम ठेवून स्पिनरेटच्या (चाळणीसारख्या चकतीच्या) बारीक भोकांतून दाबतात. सोऱ्यातून शेव पडावी तशा तारा खाली येतात, हवेच्या झोतात थिजतात, त्यांना तेलाचा हात लागतो. मग त्या तीन-चार पट ताणायच्या. ताकद येते ती इथे, कारण रेणू लांबीच्या दिशेने ओळीत बसतात. न ताणलेली तार ओढली की लांबते आणि तशीच राहते. या सगळ्यात कातणं कुठेच नाही, तेव्हा ‘तार काढणे’ आणि ‘तार ताणणे’ लिहा. ‘वितळ-कताई’ हा पाठ्यपुस्तकी शब्द मागावरच्या माणसाला काहीच सांगत नाही.

‘कातणे’ बरोबर ठरतं ते स्टेपलच्या, म्हणजे आखूड कापलेल्या तंतूंच्या बाबतीत. तिथे तारांना कुरळेपणा देऊन साधारण ३८ मिमीचे तुकडे करतात आणि ते सूतगिरणीत कापसात मिसळतात. म्हणजे आधी कातरायचं, मग कातायचं! (दोन्ही शब्द संस्कृत ‘कृत्’मधून आले, पण ते धातू दोन वेगळे: एक कापण्याचा, एक कातण्याचा.) नायलॉन ओल धरतं जेमतेम ४ टक्के, कापूस साडेआठ. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात गिरणीच्या खात्यात दमटपणा राखला नाही तर स्थिर वीज साठते, तंतू एकमेकांपासून फाकतात आणि रुळांना गुंडाळतात. पत्रकात ‘नायलॉन घातलं की सूत मजबूत’ असंही सरसकट लिहू नका. थोडं नायलॉन घर्षण सोसतं हे खरं, पण ते कापसापेक्षा खूप जास्त ताणलं जातं. त्यामुळे ओढ बसली की आधी कापूसच तुटतो आणि मिश्र सूत उलट कमजोर भरू शकतं.

तिरक्या रेघेचं मात्र जपा. आपल्याकडे २/२० म्हणजे २० नंबरचं दुपदरी सूत; नंबर हे सुताच्या बारीकपणाचं माप. नायलॉनच्या कोनावर (सुताच्या गुंडाळीवर) ७०/२४ असेल तर ते ७० डेनियर, २४ तारा. ‘नंबर’ वाढला की सूत बारीक होतं, डेनियर वाढला की जाड, कारण डेनियर म्हणजे ९,००० मीटरचं ग्रॅममधलं वजन. ५,३१५ ला डेनियरने भागलं की कापसाचा नंबर मिळतो: ७० डेनियर म्हणजे सुमारे ७६ नंबर. पत्रकात डेनियर आणि नंबर हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा.