एआरडीएसच्या (फुप्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी भरतं तो गंभीर आजार) पेशंटचा रक्तातला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वाढलेला दिसतोय, तरी डॉक्टर व्हेंटिलेटरचा श्वास मोठा का करत नाहीत?

कारण मोठा श्वास फुप्फुसाची वाट लावतो. अर्धंअधिक फुप्फुस पाण्याने भरलेलं, बंद पडलेलं, त्यामुळे हवा जाते ती उरलेल्या चांगल्या भागातच आणि सगळा मार तोच भाग खातो. रक्ताचा पीएच (आम्लतेचा आकडा, कमी म्हणजे आम्ल जास्त) ७.२ च्या वर असेल तर वाढलेला सीओटू चालवून घेतात.

मी आयसीयूत नर्स आहे, तुमचा प्रश्न वाचून डोकं परत तापलं. एकदा नाइटला एक बाई होत्या, वजन ऐंशीच्या वर, आणि मशीनवर टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाची हवा, ५०० मिली. मी टेप घेऊन टाळूपासून टाचेपर्यंत मोजलं, १५० सेंमी. म्हणजे हिशोबाचं वजन आलं ४३ किलो, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं वाढत नाहीत, ती उंचीवर जातात. किलोला ६ मिली धरले तर २६० होतात, आम्ही देत होतो जवळजवळ दुप्पट! इन्स्पिरेटरी होल्ड (श्वास आत गेल्यावर क्षणभर थांबवणारं बटण) दाबला तर प्लॅटो, म्हणजे त्या क्षणाचा फुप्फुसातला दाब, ३४. ड्युटीवरच्या सरांना सांगितलं तर म्हणे, "सिस्टर, एबीजीत (रक्तातल्या वायूंच्या तपासणीत) सीओटू ३८ आहे, छान चाललंय, हात लावू नका." रिपोर्ट छान दिसावा म्हणून फुप्फुस पणाला लावायचं का? किलोला १२ मिली विरुद्ध ६ मिली हा वाद २००० सालच्या ८६१ पेशंटच्या ट्रायलमध्येच मिटलाय, मृत्यू जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. सकाळी राउंडला मोठ्या मॅडमनी २६० केलं, श्वासांचा रेट मिनिटाला ३० वर नेला, प्लॅटो २५ वर आला, सीओटू ५५ झाला आणि सर दिवसभर माझ्याकडे "बघा, वाढवलात ना" अशा नजरेने बघत होते. बाईंची ट्यूब पुढे निघाली, पण एका पेशंटवरून मी काही सिद्ध करत नाहीये.

तुम्ही नातेवाईक असाल तर सीओटूपेक्षा प्लॅटो ३० च्या आत आहे का ते विचारा. आणि उंची टेपने मोजली का तेही, नजरेने अंदाज बांधणारे अजून भरपूर आहेत.

हां, डोक्याला मार असेल, मेंदूचा दाब वाढलेला असेल तर सीओटू असा वाढू देत नाहीत, रक्तात आधीच खूप ॲसिडोसिस (आम्लता) असेल तरीही जपून. एवढ्यापुरते आमचे सर बरोबर, पण त्या बाईंना यातलं काहीच नव्हतं.