स्पर गिअरच्या (सरळ दातांच्या गिअरच्या) कंपनाचं मॉडेल करताना दातांचा कडकपणा (स्टिफनेस) स्थिर धरला तर चालतं का?

नैसर्गिक वारंवारतेचा पहिला अंदाज हवा असेल तर चालतं. कंपन किती येईल ते काढायचं असेल तर नाही. समजा तुमच्या जोडीचा कॉन्टॅक्ट रेशो (एका वेळी सरासरी दातांच्या किती जोड्या लागलेल्या असतात तो आकडा) १.६ आहे. म्हणजे ६० टक्के वेळ दातांच्या दोन जोड्या भार उचलतात, उरलेला ४० टक्के वेळ एकच. एक जोडी सुटली की कडकपणा धपकन उतरतो, पुढची लागली की पुन्हा चढतो, आणि हे दर दाताला एकदा होतं. २० दातांचा पिनियन (जोडीतला लहान गिअर) १५०० आरपीएमला फिरत असेल तर सेकंदाला ५०० वेळा! बाहेरचा भार अगदी स्थिर ठेवला तरी हा चढउतारच गिअरला हलवतो, आणि सरासरी घेतलीत की मॉडेलमधून नेमकं तेच गायब. मेशिंग फ्रिक्वेन्सी (दात लागण्याची ही वारंवारता) नैसर्गिक वारंवारतेच्या निम्मी किंवा दुप्पट झाली तरी कंपन उसळू शकतं, हे मग दिसतच नाही. सरासरीचा आकडा म्हणून पोलादी स्पर गिअरला आयएसओ ६३३६ या गिअरच्या मानकातला, दर मिलिमीटर रुंदीमागे दर मायक्रॉनला सुमारे २० न्यूटन हा घ्या आणि त्यावर निदान दोन पायऱ्यांची चौकोनी लाट चढवा. हेलिकल (तिरप्या दातांच्या) गिअरमध्ये दात हळूहळू लागतात, चढउतार बराच कमी असतो. तिथे कडकपणा स्थिर धरून उत्तेजन म्हणून फक्त ट्रान्समिशन एरर (फिरवला जाणारा गिअर आदर्श स्थितीपासून किती मागेपुढे असतो ती चूक) दिली तरी बहुतेकदा भागतं. भार हलका असेल तर मात्र बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) घालाच. दात सुटून परत आपटतात तो खडखडाट रेषीय मॉडेलमध्ये येत नाही.