अकरा दिवस मागे

प्रश्न : सलाम सिस्टर. मी वडगाव शेरीला राहते, नोकरी हिंजवडीत. सकाळी सातला कंपनीची बस, घरी यायला रात्रीचे आठ. मुलगी पाच वर्षांची. वर्षभरात पूर्ण पवित्र शास्त्र वाचायचं ठरवून एक जानेवारीला मोबाइलवर अ‍ॅप घेतलं. लेवीय हे नियमांचं पुस्तक सुरू झालं आणि गाडी अडली. आता ते अ‍ॅप रोज सांगतं, ‘तुम्ही अकरा दिवस मागे आहात.’ प्रार्थनेला डोळे मिटले की झोपच लागते. ख्रिस्ताच्या जवळ जायचं म्हणून सुरू केलं, आणि आता त्याच्यासमोर बसायचीच लाज वाटते. काय करू?

उत्तर : सलाम. वयाने माझ्या लेकीसारखी आहेस, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी ते अ‍ॅप मोबाइलवरून काढ. पवित्र शास्त्रात ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन. ज्यांना जमतं त्यांनी जरूर वाचावं. पण अकरा दिवसांची थकबाकी उरावर घेऊन कुणी कुणाच्या जवळ जात नाही. उधारी असली की आपण वाण्याच्या दुकानावरून जाणंही टाळतो.

माझीच गोष्ट सांगते. नर्स म्हणून छत्तीस वर्षं वॉर्डात काढली. त्यातली बरीच वर्षं मी एक डायरी ठेवायचे. शास्त्र वाचलं की तारखेपुढे लाल शाईची खूण. नाइट ड्यूटीच्या आठवड्यात वाचन व्हायचं नाही, तरी खूण मात्र व्हायची. सात दिवसांच्या सात खुणा रविवारी एकदम, भक्तीला जायच्या आधी. एकदा ड्यूटीवर एका शिकाऊ मुलीला पकडलं. तिने पेशंटला हातही न लावता टीपीआरचा, म्हणजे ताप, नाडी, श्वास यांचा, चार्ट भरला होता, सगळ्यांची नाडी बहात्तर. मी तिला सगळ्यांसमोर झाडलं. घरी आले, गुरुवार पेठेतल्या आमच्या खोलीत डायरी उघडली, आणि पेन हातातच राहिलं. मीही नाडी न बघता बहात्तर लिहीत होते की!

डायरी बंद केली आणि मार्कचं शुभवर्तमान काढलं. अध्याय दहावा, शेवटची सात वचनं. यरीहोचा आंधळा भिकारी बार्तीमय. तेवढंच, आठवडाभर, रोज तेच. पहिले दोन दिवस काही नाही, पाठच होतं ते. तिसऱ्या दिवशी लोक त्याला ‘गप्प बस’ म्हणून दटावतात तिथे अडले. वॉर्डात मी दिवसातून वीस वेळा हेच म्हणायचे. पाचव्या दिवशी येशूचा प्रश्न दिसला. आंधळा माणूस समोर उभा आहे, त्याला काय हवं हे उघड आहे, तरी प्रभू विचारतो, तुझ्यासाठी मी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आम्ही पेशंटला हे कधी विचारतच नाही. चार्ट वाचतो आणि सुई टोचतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, की हा प्रश्न मलाही विचारलेला आहे. मला काय हवं ते मी खरं सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही.

तू एवढंच कर. एक लहान प्रसंग, आठवडाभर. मुलगी उठायच्या आधी दहा मिनिटं मिळाली तर उत्तम, नाही तर बसमध्ये. वाचल्यावर त्याच्याशी जे खरं असेल ते बोल. कंटाळा आलाय, साहेबाचा राग आलाय, देवा तुझाही थोडा आलाय, काहीही. स्तोत्रसंहिता उघडून बघ, तिथल्या माणसांनी देवाला किती सुनावलंय.

वाकडला बस अडकली की बार्तीमयाचीच हाक हळू म्हणत राहा, ‘येशू, माझ्यावर दया कर.’ श्वास घेताना नाव, सोडताना मागणं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळ्यांत अशी प्रार्थना शतकानुशतकं चालत आली आहे. नामस्मरण म्हटलं की आपल्यातले काही जण दचकतात. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तावर अभंग रचले, ते आपण रविवारी टाळ घेऊन म्हणतो, तेव्हा मात्र कुणी दचकत नाही!

झोपेचं म्हणशील तर येशूला धरून नेलं त्या रात्री गेथशेमाने बागेत त्याचे तिघे शिष्य झोपले, तेही त्याने जागं राहायला सांगितलं असताना. त्याने उठवलं, हाकललं नाही. आणि माणसांची ये-जा एवढी, की जेवायलाही सवड नाही, तेव्हा शिष्यांना ‘थोडा विसावा घ्या’ म्हणणाराही तोच. रात्री प्रार्थना करता करता झोप लागली तर लागू दे.

लेवीयवर मात्र राग धरू नकोस. आम्हा नर्सांना त्यातला तेरावा अध्याय आवडतो. याजक, म्हणजे पुरोहित, अंगावरचा डाग तपासतो, सात दिवस माणसाला वेगळं ठेवतो, पुन्हा तपासतो. पुढे कधीतरी पाळकांबरोबर बसून वाच.

प्रश्न : आमच्या घरी रात्रीची कौटुंबिक प्रार्थना मी आणि मुलंच करतो. यजमान टीव्हीसमोरून हलत नाहीत. आग्रह धरावा का? (हडपसर)

उत्तर : धरू नका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मध्ये पाच वर्षं गेली. जातिभेद देवाने नाही, माणसाने केला, हे त्यांचं त्यांना उमगलं, तेव्हा त्या आल्या.

टीव्हीपेक्षा मोठ्या आवाजात गीत म्हणायची चढाओढ तर अजिबात नको. आमच्याकडे ती झालेली आहे, शेजारचे दार वाजवत आले होते. प्रार्थनेला बसण्याआधी यजमानांना फक्त विचारा, ‘तुमच्यासाठी काय मागू?’ पहिले काही दिवस ‘काही नको’ म्हणतील. आमचे हे आठवड्याभराने टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, ‘नळाला पाणी येऊ दे म्हणावं.’ तेव्हा पेठेत पाण्याची बोंब होती. त्या रात्री मी तेच मागितलं, त्यांना ऐकू जाईल असं.