थारसाठी तीन वर्षं मन मारावं का?

आधी तुझा प्रश्न मी काय समजलो ते सांगतो. वय २५, हिंजवडीत नोकरी, हातात ५८ हजार. त्यातले १० कराडला घरी, ९ वाकडच्या फ्लॅटच्या भाड्यात. महिंद्राच्या थार गाडीचं वेड शाळेपासूनचं. १५ लाख ऑन रोडचं कोटेशन आणून ठेवलंयस, गाठीला २ लाख २० हजार आहेत. तीन वर्षं महिन्याला २५ हजार बाजूला टाकायचे आणि तोवर सगळं बंद, असं ठरवलंस. तेवढ्यात रूमवरच्या पोरांनी मे महिन्यात हिमाचलातल्या स्पितीचा बेत केला, माणशी २८ हजार, आणि "हे वय परत येत नसतं" सुरू झालं. वडील म्हणतात आत्ता वॅगनआर घे, थारचं लग्नानंतर बघू. म्हणून विचारतोयस की मन मारू, कर्ज काढू, की नाद सोडू.

अरे-तुरे करतोय, माझं वय ४६, चालवून घे.

२००२ साली स्कॉर्पिओ आली तेव्हा मी २३ वर्षांचा होतो. अंबडच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला, पगार साडेसात हजार. गाडी आमच्याच नाशकात, सातपूरला बनायची. नंबर न पडलेल्या कोऱ्या स्कॉर्पिओ रस्त्याने जाताना दिसायच्या आणि मी सायकल थांबवून बघत उभा राहायचो. हो, सायकल. बाईकचे पैसेसुद्धा स्कॉर्पिओच्या खात्यात.

त्यासाठी लाल पुठ्ठ्याची एक वही केली होती. डाव्या पानावर बँकेत टाकलेले पैसे, उजव्या पानावर "वाचवले". उजवं पान माझं जास्त लाडकं. मित्राचं लग्न नागपूरला, गेलो नाही, वाचवले ९००. हरिश्चंद्रगड, वाचवले १५०. (दीडशे रुपये! पाचनईपर्यंतची एसटी आणि वर गुहेत खिचडी, एवढाच तो खर्च.) २००५ च्या जुलैमध्ये पाच जण बाईकवर मनालीहून लेहला निघाले. मागच्या सीटवर माझी जागा ठेवली होती. माणशी ११ हजार. मी नाही म्हटलं, आणि त्या रात्री वहीत "लेह - ११,०००" लिहून खाली दोन रेघा मारल्या. भारी वाटलं होतं तेव्हा.

२०१० च्या दसऱ्याला स्कॉर्पिओ आली. सगळं धरून नऊ लाखांना पडली, त्यात दोन लाख कर्ज. ती गाडी नुसता पत्रा होता, त्यात काही नसतं, असं ज्ञान मी तुला देणार नाही. पहिल्या रात्री जेवण झाल्यावर एकटाच त्र्यंबकपर्यंत जाऊन आलो, काही काम नव्हतं. परत येताना मुद्दाम सातपूरवरून आलो आणि जिथे सायकल थांबवायचो तिथे गाडी थांबवली. दुसऱ्या दिवशी वडील पुढे बसले आणि दहाव्या मिनिटाला म्हणाले, "एसी बंद कर, डिझेल जातं." ते सुख खरं होतं. ते कमी लेखणाऱ्या माणसाचं ऐकू नकोस.

पण चार वर्षांपूर्वी घर बदलताना ती वही सापडली. सहज म्हणून उजव्या पानांची बेरीज केली. आठ वर्षांतले सगळे नकार मिळून ४१,३०० रुपये.

दोनदा केली बेरीज. नऊ लाखांच्या गाडीत माझ्या मन मारण्याचा वाटा पाच टक्केसुद्धा नव्हता. मग गाडी आली कशातून? डावी पानं बघितली. पहिल्या पाच वर्षांत जमले होते १ लाख ८० हजार. २००७ मध्ये मी नोकरी बदलून चाकणला आलो, पगार एकदम २८ हजार झाला, आणि पुढच्या तीन वर्षांत पाच लाखांच्या वर जमले. गाडी पगारातून आली. शेवटी शेवटी मी महिन्याला १४ हजार टाकत होतो. त्या हिशोबाने लेहला गेलो असतो तर दसऱ्याची गाडी दिवाळीत आली असती. वहीतलं एकूण एक सगळं केलं असतं, नागपूरचं लग्न, हरिश्चंद्रगड, सगळं, तरी संक्रांतीला आलीच असती. दसरा की संक्रांत, आज कोणाला आठवलं असतं?

लेहला गेलेल्यांपैकी एक जण आता कॅनडात आहे, एकाची पाठ गेली, एक तर नाहीच. ते चौघं भेटले की अजून तांगलांग ला खिंडीच्या खाली रात्री पंक्चर झाल्याचा किस्सा सांगतात आणि मी हसतो, कारण हसण्याची जागा कुठे येते ते मला आता पाठ आहे.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की तुझा हिशोब रुपयांत मांडू नकोस, आठवड्यांत मांड. महिन्याला २५ हजार टाकणार असशील तर तुझा एक आठवडा साधारण ५,८०० रुपयांचा. आता स्पिती बघ: २८ हजार, म्हणजे गाडी पाच आठवड्यांनी पुढे जाते. तीन वर्षांच्या वाटेत पाच आठवडे. तू जा. (जाताना एक लक्षात ठेव, मे महिन्यात कुंझुम ला ही खिंड बहुतेक बर्फाने बंद असते, त्यामुळे मनालीकडून स्पितीतल्या काझाला जायचं डोक्यात असेल तर काढून टाका. शिमला, किन्नौरकडून जा आणि तसेच परत या. त्या वाटेने उंचीही हळूहळू वाढते, डोकं कमी दुखतं.) भीमाशंकर, राजगड असल्या ट्रेकला एक दिवससुद्धा जात नाही. ८० हजारांचा फोन म्हणजे चौदा आठवडे, तो तुझा तू ठरव.

पण हाच हिशोब उलटाही लागतो, आणि इथे तुझ्या रूमवरच्या पोरांना माझा राग येईल. तू लिहिलंयस की दर शुक्रवारी बाहेर बसणं होतं, माणशी १,८०० च्या आसपास. महिन्याचे ७,२००, वर्षाचे ८६ हजार. म्हणजे दरवर्षी पंधरा आठवडे. तीन स्पिती! मला सांग, मागच्या वर्षीच्या शुक्रवारांपैकी किती आठवतात? "तरुणपणी मजा करून घ्यावी" म्हणतात तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे स्पिती असते आणि पैसे जातात शुक्रवारी. चारातले तीन बंद कर, एक ठेव. अगदीच साधू होऊ नकोस, नाहीतर माझ्यासारखी वही करायला लागशील.

आता कर्ज. आत्ताच गाडी घेतलीस तर १२ लाख ८० हजारांचं कर्ज लागेल. ९ टक्के, सात वर्षं धर. हप्ता २०,६०० च्या आसपास आणि व्याजच साडेचार लाख. व्याज मी एक वेळ सोडून देईन, हौसेला मोल नसतं. मला भीती दुसऱ्या गोष्टीची वाटते. ५८ मधून घरचे १०, भाडं ९, हप्ता २०.६, डिझेल-विमा-सर्व्हिसिंगचे महिन्याला सरासरी दहा धर. उरले साडेआठ हजार, त्यात जेवण, फोन, आजारपण. अशा माणसाला नोकरी सोडता येत नाही. मला २००७ मध्ये चाकणची नोकरी घेता आली, कारण डोक्यावर हप्ता नव्हता. नवीन ठिकाणी पहिले दोन महिने पगार लटकला तरी मी तग धरला. त्याच वेळी माझ्या एका मित्राने बँकेच्या पैशांवर गाडी घेतली होती. २००९ च्या मंदीत त्याच्या कंपनीने माणसं कमी केली, आणि गाडी विकून पुन्हा वर ८० हजार बँकेला भरायची पाळी आली, कारण गाडीची किंमत कर्जापेक्षा लवकर उतरली होती. विमा कंपन्यांचं कोष्टक बघ: गाडी सहा महिन्यांची झाली की शोरूमच्या किमतीतून १५ टक्के वजा, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०. थारला सेकंडहँड बाजारात याहून बरा भाव येतो, हे मान्य. पण पंचविशीत पगार झपाट्याने वाढायचा असतो, आणि तो वाढतो नोकरी बदलल्याने. ती मोकळीक तुझ्या २५ हजारांच्या बचतीपेक्षा मोठी आहे. तीन वर्षं बचत करून मग उरलेल्या रकमेचं छोटं कर्ज काढलंस तर माझी काही हरकत नाही.

"तोवर गाडी महाग होईल" असं शोरूमवाला म्हणालाय म्हणे. होईलही. पण उलटंही होतं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, तेव्हा चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्या ३१ टक्क्यांवरून १८ वर आल्या आणि छोट्या इंजिनाची थार लाखाच्या वर स्वस्त झाली. ऑगस्टमध्ये घाईने घेतलेले दोघं माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्यासमोर हा विषय काढत नाही.

यावरून तुझ्या कोटेशनकडे येतो. एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ आणि विम्याच्या आधीची किंमत, साडेबारा लाख धरली तर आरटीओचा कर डिझेलला १४ टक्के, म्हणजे पावणेदोन लाख (पेट्रोलला १२ असतो), विम्याचे साठेक हजार, त्यात थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, तीन वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला आयकर, लागतो, तो आयकराचं रिटर्न भरताना परत मागायचा असतो, बरेच जण विसरतात. असे झाले पंधरा. पण या पंधरात येते ती दीड लिटरची डिझेल, आणि ती फक्त मागच्या चाकांवर चालते. तू "फोर बाय फोर" लिहिलंयस! चारही चाकांना ताकद हवी तर मोठं इंजिन घ्यावं लागतं, त्याला जीएसटी ४० टक्के, म्हणजे आणखी तीन-साडेतीन लाख वर. शाळेपासूनचं स्वप्न यातलं नेमकं कुठलं, ते आधी बघ.

वडिलांच्या वॅगनआरबद्दल: गाडी चांगली, पण तुला आत्ता कुठलीच गाडी लागत नाही. वाकड ते हिंजवडी तू बाईकवर पंधरा मिनिटांत जातोस. चारचाकीत बसलास की त्याच सिग्नलला पाऊण तास. शिवाय तुमच्या फ्लॅटला पार्किंग दुचाकीचं आहे, म्हणजे जी गाडी घेशील ती रस्त्यावर उभी राहणार, आणि थारचा तो कोरा रंग रस्त्यावर किती दिवस कोरा राहतो ते तुला पुण्यात राहून सांगायला नको.

तुझ्या प्रश्नात एक वाक्य होतं, थार आली की आई-बाबांना पंढरपूरला घेऊन जाणार. आणि त्याच्याच पुढे, आईचे गुडघे दुखतात. अरे, तीन दरवाज्यांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, पायरीवर पाय देऊन, वाकून आत शिरावं लागतं. बाबा पुढे बसणार, म्हणजे आई मागे. पाच दरवाज्यांची रॉक्स आहे, २०२४ पासून, पण ती चार मीटरच्या वर जाते आणि हिशोब बदलतो.

तर स्पितीहून आलास की पावसाळ्यात एक काम कर. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या गाड्या पुण्यात मिळतात, त्यात थारही असते. तीन दिवसांसाठी घे. पावसाळा आहे, दिवसाचे पाच हजार धर, म्हणजे अडीच-पावणेतीन आठवडे गेले. एक दिवस एकट्याने ताम्हिणी कर, खिडक्या उघड्या टाकून. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ऑफिसच्या वाटेवर ने, सोमवारीच. तिसऱ्या दिवशी कराडला जा आणि आईला मागे बसव. निदान कोल्हापूर नाक्यापर्यंत तरी चक्कर मार.

आई उतरल्यावर काय म्हणाली ते इथे येऊन लिही. मग आपण इंजिनाचं बोलू.