"काढायलाय आन् फाडायलाय"

"मॅडम, पोरगं दिवसभर काढायलाय आन् रातच्याला फाडायलाय, डोक्यात काही झालंय का बघा." समुपदेशन करताना थोड्याफार फरकाने हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच बसले. कधी वडील घेऊन येतात, कधी मैत्रिणी हाताला धरून आणतात, पण तक्रार तीच, मनासारखं होत नाही म्हणून चित्र फाडून टाकायचं. एकाचं सांगते, त्याला विचारूनच, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

तो बीड जिल्ह्यातला, आई-वडील दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली, दहावीला त्याचे ७ मार्क वाढले, घरच्यांना वाटलं ड्रॉइंगचा मास्तर होईल, म्हणून उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, वाढवून घेऊन संभाजीनगरला चित्रकलेला घातला. पहिल्याच वर्षी अडकला. वर्गातल्या पोरांचे हात सफाईदार, इन्स्टावर तर हुबेहूब फोटोसारखी पेन्सिल पोर्ट्रेट्स, आणि याचं एकच, "मपलं सगळं गावठी दिसतंय मॅडम."

पहिले दोन-तीन सेशन मी नुसतं ऐकलं. मग म्हटलं, फाडलेलं टाकू नकोस, इथे घेऊन ये. तो खताच्या रिकाम्या पिशवीत भरून घेऊन आला. टेबलावर ओतलं तर हिरोचा एक डोळा, कुठल्यातरी परदेशी बाईचे ओठ, वाघाचं नाक, सगळं मोबाईलमध्ये बघून काढलेलं. त्यात एक कागद मात्र अख्खा. प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागं निळ्या बॉलपेनने काढलेली एक बाई, उसाच्या मोळीला टेकून झोपलेली, चेहरा पदराखाली, तळपाय तेवढे पुढं आलेले आणि टाचेच्या भेगा एकेक ओढलेल्या.

"हे काहून नाही फाडलंस?"

"ते चित्र नाही मॅडम. ते असंच. आई हाय, ट्रक भरायची वाट बघत झोपली होती."

मी बराच वेळ काहीच बोलले नाही, त्यालाही बोलू दिलं नाही. त्या पिशवीत जिवंत एवढंच होतं आणि त्याला तो चित्रच म्हणत नव्हता! हात कमी पडतोय असं तो धरून चालला होता, खरं तर आपलं घर कागदावर आणायची लाज वाटत होती. तुलनेने खचलेली इतकी मुलं बघितल्यावर आता मी आधी हेच शोधते, की हे मूल काय लपवतंय. आणि उत्तर त्याच्याजवळच असतं यावर माझा पक्का विश्वास आहे, आपण घाईने सांगून टाकलं की ते त्याचं राहत नाही.

म्हणून मी त्याला सल्ला दिला नाही, मोबाईलवर आजचे चित्रकार प्रभाकर पाचपुते यांची चित्रं दाखवली. मोठमोठी, कोळशाने काढलेली, शेतकरी, खाणकामगार, पोखरलेली जमीन. त्याने लगेच विचारलं, "हे कोळसाच काहून वापरायलेत?" म्हटलं, तूच शोध. पुढच्या आठवड्यात दारातूनच बोलत आला, "मॅडम, त्येंचं गाव चंद्रपूरकडचं, सास्ती, तिथं खाणच हाय, घरचे खाणीत कामाला होते!" २०२२ ला व्हेनिसच्या बिनालेत, म्हणजे तिथल्या जगप्रसिद्ध कला प्रदर्शनात, त्यांचं काम होतं हेही त्यानेच मला सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे आपल्याकडचं चालतंय."

त्या हंगामात तो कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या जागी आई-वडील राहतात त्या झोपडीवर, गेला आणि चुलीतले विझलेले कोळसे घेऊन आला. ते ठिसूळ, कागदावर फुटतात, खोडून पुसून फिनिशिंग करायचं म्हटलं तर नुसतं काळं फासलं जातं, त्यामुळे गुळगुळीत करायची सोयच राहिली नाही. सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही, वर्गात "सफाई नाही" असा शेरा मिळाला त्या रात्री त्याने परत एक फाडलं, पण सकाळी स्वतःहून फोन केला. माझ्यासाठी ते फार मोठं होतं.

घरच्यांना सांगते, फाडलं म्हणून ओरडू नका, तुकडे ठेवा, मागे तारीख टाका, महिन्याने त्याच्यासोबत बसून बघा. "याने पोट भरंल का" हा प्रश्न खरा आहे पण तो रोज रात्री जेवताना काढायचा नसतो. चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते, २००५ पर्यंत डॉक्टरकी केली आणि सोबत शहरातली कष्टकरी माणसं रंगवत राहिले, म्हणजे मार्ग एकच नसतो. मुलांना सांगते, आजचे चित्रकार बघा पण त्यांची नक्कल करू नका, एका चित्रासमोर दहा मिनिटं बसा आणि विचारा, याने हेच का निवडलं, माझ्याकडं असं काय आहे जे मी चित्रच समजत नाही. मात्र झोप उडाली, जेवण सुटलं, जीव नकोसा झाल्याचं बोलणं निघालं तर वाट बघू नका, डॉक्टरला दाखवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २४ तास चालू असतो.

पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, तो एक गुंडाळी घेऊन आला. आईचे दोन हात, कोयता धरलेले, एका हाताच्या बोटाला चिंधी, पूर्ण शीटभर. म्हटलं, आईला दाखवलंस का? म्हणाला, दाखवलं, लई वेळ बघत बसली, मग म्हणली, "ह्या हाताची चिंधी राह्यली की रं." आणि तिथंच, माझ्या टेबलावर, खिशातून कोळसा काढून त्याने त्या दुसऱ्या हातावरही चिंधी काढली.