सौंदत्ती: डोंगर सोडून उरलेलं गाव आणि त्याचं पाणी

निपाणीहून वयस्कर आई-वडिलांना घेऊन दोन दिवस सौंदत्तीला जायचंय, यल्लम्माचं दर्शन तर होईलच, पण गाव आणि रेणुकासागर (मलप्रभा नदीवरच्या धरणाचं तळं) बघण्यासारखं आहे का आणि कधी जावं, असा तुमचा प्रश्न. बघण्यासारखं नक्की आहे. पण तारीख चुकली तर गर्दीत चेंगरून परत याल, नाहीतर तळ्याच्या जागी चिखल बघून याल. म्हणून निघण्याआधी पंचांगातली पौर्णिमा बघा आणि धरणाची पातळी बघा.

आधी पौर्णिमा. मार्गशीर्षातली रांडाव पुनव आणि माघातली आहेव पुनव या दोन मोठ्या जत्रा. कोल्हापूर, सांगली आणि आपल्या भागातली निम्मी गावं त्या दिवसांत यल्लम्माच्या डोंगरावर असतात. चैत्र पौर्णिमा आणि नवरात्रालाही गर्दी असतेच. पौर्णिमेच्या आधीचे चार आणि नंतरचे चार दिवस सोडा. एरवीही मंगळवार आणि शुक्रवार टाळा, हे देवीचे वार. त्यात जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून या वारांना बस दारापर्यंत भरलेली असते. (आईंचं आधार कार्ड निपाणीच्या पत्त्याचं असेल तर त्यांनाही तिकीट पडणार नाही. सोबत कोल्हापूरची मावशी असेल तर तिचं मात्र काढावं लागेल.) बुधवार-गुरुवार ही जोडी सगळ्यात बरी.

आता पाणी. सौंदत्तीच्या उत्तरेला नविलुतीर्थ म्हणून खिंड आहे. मलप्रभा डोंगराची रांग तिथे फोडून पलीकडे जाते. त्या खिंडीतच 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला धरण पुरं झालं. धरणाची लांबी जेमतेम 155 मीटर आणि उंची सुमारे 40 मीटर, पण मागे साठा मावतो 37.73 टीएमसी (अब्ज घनफूट). खिंड अरुंद म्हणून भिंत आखूड पुरली, आणि खिंडीच्या वरचा मुलूख सपाट काळ्या मातीचा म्हणून पाणी लांब-रुंद पसरलं. या तळ्याचा सगळा स्वभाव इथून येतो. ते पसरट आहे. पातळी दोन-चार फूट खाली गेली की काठ बराच लांब सरकतो. भरल्यावर समोरचा काठ धूसर दिसतो, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच जागी भेगाळलेली जमीन, मधे कुठेतरी पाण्याची पट्टी आणि चरणारी गुरं.

शिवाय हे धरण दरवर्षी भरत नाही. तुमच्याकडचं हिडकल धरण चंदगडच्या घाटमाथ्यावरच्या पावसावर भरतं. मलप्रभेला जोराचा पाऊस मिळतो तो फक्त खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कणकुंबी-जांबोटीच्या जंगलात. तिथून एम. के. हुबळीपर्यंत आली की नदी कोरड्या पट्ट्यात शिरते, वाटेत भर घालणारं फारसं कोणी नाही. कळसा-भांडुराचा, म्हणजे म्हादईच्या ओढ्यांचं पाणी मलप्रभेत वळवण्याचा, गोव्याशी चाललेला वाद याच तळ्यासाठी आहे. लवादाने 2018 मध्ये मलप्रभेत वळवायला 3.9 टीएमसी दिलं. हुबळी-धारवाडचं पिण्याचं पाणी याच तळ्यातून जातं, खाली नरगुंद-नवलगुंदपर्यंतचे कालवेही यावरच. म्हणजे भरलेलं तळंसुद्धा उपशामुळे भराभर उतरतं.

म्हणून निघायच्या आधी पेपरातली पातळी बघा. पूर्ण पातळी 2079.50 फूट. आकडा 2070 च्या वर असेल तर तळं बघायला जा. बराच खाली असेल तर दर्शन, किल्ला आणि हुळीची देवळं एवढं एका दिवसात उरकून परत या, दुसरा दिवस वाया घालवू नका. पावसाकडे बघताना सौंदत्तीचं आभाळ बघून काही कळत नाही, खानापूरला किती पडला ते विचारा. चांगल्या वर्षी गणपती झाल्यापासून नवरात्र बसेपर्यंतचे पंधरा दिवस, किंवा दिवाळीनंतर मार्गशीर्ष लागेपर्यंतचे दिवस धरा. पाणी असतं, हवा बरी असते, डोंगर मोकळा असतो.

पाण्याजवळ जाताना एक सांभाळा. काठावरची काळी माती वरून वाळून कडक दिसते, पण खाली गाळ ओलाच असतो. गाडी पाण्यापर्यंत नेण्याच्या नादात चाकं रुततात आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवा, पुढे पायी जा, आणि भेगांच्या रंगाकडे लक्ष द्या. भेगेच्या आत माती गडद दिसली की तिथून मागे फिरायचं. पाणी ओसरलेल्या जमिनीत कोणी पेरलं असेल तर त्यातून चालू नका. पोहण्याचा विचारच नको, काठ उथळ वाटतो आणि जुन्या नदीच्या पात्राशी एकदम खोल होतो.

धरणावर कुठपर्यंत सोडतात हे त्या त्या वेळच्या बंदोबस्तावर अवलंबून. अडवलं तर वाद घालू नका, खालच्या अंगाने खिंड चांगली दिसते. दरवाजे उघडले असतील तर नदीपात्रात उतरायचं नाही. ऑगस्ट 2019 मध्ये इथून मोठा विसर्ग झाला तेव्हा खालच्या मनोळी आणि रामदुर्ग भागात पाणी घुसलं होतं.

गाव मात्र फार कमी लोक बघतात. यात्रेकरू बसमधून थेट डोंगर गाठतात. आज तालुक्याचं साधं गाव दिसतं, पण हे जुनं सुगंधवर्ती, रट्ट राजघराण्याची राजधानी. इथला पृथ्वीरामाचा शिलालेख इ. स. 875 चा आहे. रट्टांनी पुढे बाराशेच्या सुमारास राजधानी बेळगावला हलवली. बेळगावच्या किल्ल्यातली 1204 ची कमल बसदी (जैन मंदिर) त्यांच्याच काळातली, ती बघितली असेल तर सौंदत्तीचा संदर्भ लागतो. गावातला भुईकोट किल्ला मात्र बराच नंतरचा, अठराव्या शतकात शिरसंगीच्या जायप्पा देसायांनी बांधलेला, आठ बुरुजांचा. आत काडसिद्धेश्वराचं मंदिर आहे. दगडावरची नक्षी जवळ जाऊन बघा, लांबून काहीच कळत नाही. सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर जा, आत सावली कमी. गावालगतच्या टेकडीवर परसगड आहे, तो किल्ला मूळ रट्टांच्या काळचा सांगतात. चढ आहे, वाट झाडोऱ्यातून जाते, आई-वडिलांना नेऊ नका. इंग्रजी अमलात तालुक्याचं नाव परसगडच होतं, जुने सात-बारा किंवा वतनाचे कागद शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसऱ्या दिवशी हुळी. गावापासून नऊ-दहा किलोमीटर. पंचलिंगेश्वराचं चालुक्य काळातलं देऊळ आणि आजूबाजूला पडझड झालेली कितीतरी देवळं. बदामी-ऐहोळेला जाणारे लोक हे सोडून जातात याचं नवल वाटतं. दोन तास द्या, पाणी सोबत न्या, मोठं हॉटेल वगैरे काही नाही.

डोंगराबद्दल थोडक्यात. रीत अशी की आधी जोगळभावीला हातपाय धुऊन किंवा स्नान करून सत्यम्माचं दर्शन, मग वर. आताचं देऊळ 1514 मध्ये रायबागच्या बोमप्पा नायकाने बांधलं असं सांगतात. भंडारा इतका उधळतात की पायऱ्यांवर त्याचा थर बसतो, त्यावर तेल-पाणी सांडलं की घसरगुंडी. वडिलांना गुळगुळीत मोजे घालून चढवू नका, अनवाणी पाय जास्त पकडतो. पांढरे कपडे नकोत, हळदीचा डाग निघत नाही. परडी भरायची असेल तर शिधा घरून न्या आणि जोगतिणींना काय द्यायचं ते आधी ठरवून सांगा, नंतर घासाघीस होते. आणि जट आली म्हणून कोणी मुलीला देवीला सोडायला किंवा तिच्या गळ्यात दर्शन (देवीच्या मण्यांची माळ) बांधायला सुचवलं तर तिथेच नाही म्हणा. कर्नाटकात 1982 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

जाण्याचं. स्वतःची गाडी असेल तर निपाणी, संकेश्वर, बेळगाव, बैलहोंगल, सौंदत्ती हा सोपा रस्ता. बेळगावपासून सुमारे 80 किलोमीटर, निपाणीपासून थांबत थांबत चार तास धरा. परतताना यरगट्टी-गोकाकवरून संकेश्वर गाठलं तर मनोळी आणि धरण वाटेतच लागतं, पाऊसकाळ असेल तर गोकाकचा धबधबाही होतो. सौंदत्तीला रेल्वे नाही, जवळचं मोठं स्टेशन धारवाड, 40 किलोमीटरच्या आसपास. बसने जाणार असाल तर पाट्या कन्नडमध्ये असतात. सवदत्ती म्हणजे गावाचं स्टँड आणि यल्लम्मनगुड्ड म्हणजे डोंगर, दोन्हींमध्ये पाचेक किलोमीटरचं अंतर आहे. सामान घेऊन चुकीच्या जागी उतरणारे नेहमीच दिसतात, म्हणून कंडक्टरला चढतानाच सांगा.

राहायचं तर आई-वडिलांसाठी गावातली लॉज बरी, डोंगरावरच्या खोल्यांत रात्री उशिरापर्यंत चौंडकं-तुणतुणं चालू असतं. ज्यांना तेच ऐकायचंय त्यांनी वर राहावं. जेवायला लिंगायत खानावळ शोधा: जोंधळ्याची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरलं वांगं, मोडाच्या कडधान्याची उसळ, शेंगाची चटणी, दही. तिखट कमी हवं असेल तर ताट वाढायच्या आधी सांगा. दुपारी अडीचनंतर भाकरी संपते आणि मग भातावर भागवावं लागतं.